गव्हाचा उपास

पिठाच्या गिरणीत कुणाला हळू बोलता येत नाही. मोटर घुमत असते, पट्टा फडफडत असतो, दगडाची घरघर वेगळीच. अशात शेजारणीच्या कानात सुनेची कागाळी घालायची म्हटली तरी ती ओरडूनच घालावी लागते. त्यामुळे सिरसाळ्यातली बरीचशी भांडणं मला त्या त्या घरातल्या पुरुषांच्या आधी कळायची. मी कधी कान दिला नाही. द्यावा लागतच नसे.

माझा सगळा जन्म या गिरणीत गेला. आता ती पुतण्या चालवतो आणि मी बाहेर बाजेवर बसून तो कुठं चुकतो ते बघतो. दिवाळी अंकासाठी धंद्याबद्दल लिहा असा निरोप आला तेव्हा मी म्हणालो, यात लिहिण्यासारखं काय आहे? वरून धान्य जातं, खालून पीठ येतं. बायको म्हणाली, "त्या गयाबाईच्या सुनेचं लिवा की." ती म्हणाली म्हणून लिहितो.

आधी धंदा सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. गिरणीत दोन दगड असतात, एक जागेवर बसलेला आणि एक फिरणारा. वरच्या पत्र्याच्या पेटीत धान्य ओतलं की ते दोन दगडांच्या मध्ये उतरतं आणि पीठ होऊन कापडाच्या तोंडातून डब्यात पडतं. दगड गुळगुळीत झाले की उघडून छिन्नीनं त्यांना टाकी लावायची. टाकी लावल्यावरच्या पहिल्या दळणात दगडाची कच येते. ते दळण गिऱ्हाइकाच्या माथी मारणारे गिरणीवाले मी पाहिले आहेत. आमच्याकडे ते पहिलं दळण घरचं असायचं. त्यामुळे आमच्या घरातली माणसं अजूनही जरा सावकाश चावतात.

आणि दुसरी गोष्ट, गिरणी कधी पूर्ण रिकामी होत नाही. एकाचं दळण संपलं असं वाटतं तेव्हाही फटीत, कडेच्या पत्र्यात, कापडाच्या घडीत त्याचं मूठभर पीठ अडकून बसतं आणि पुढच्याच्या डब्यात उतरतं. म्हणून ज्वारीवर ज्वारी घ्यायची, गव्हावर गहू घ्यायचा, हरभऱ्याची डाळ सगळ्यात शेवटी. पण गर्दी झाली की हा रिवाज कुठला टिकतो? मग रोज तक्रार, "आप्पा, माझ्या ज्वारीत तिचा गहू आला." माझं पीठ तिच्यात गेलं, ते काढून तिला परत द्या, अशी तक्रार घेऊन मात्र कुणी आल्याचं मला आठवत नाही.

गिऱ्हाइकंही एकेक. एक निवृत्त गुरुजी होते, ते स्वतःचं दळण चालू असताना डोळे मिटून उभे राहायचे आणि दगडाच्या आवाजावरून सांगायचे, "थोडं आवळा." मी दगड आवळायच्या चाकावर नुसता हात ठेवायचो. "आता कसं बरोबर झालं," म्हणायचे आणि डोळे उघडायचे. त्यांचा कान चांगला आहे असं मी चारचौघांत नेहमी सांगत असे. एका म्हातारीला मी तिची ज्वारी बदलतो असा संशय होता, म्हणून ती पेटीत दाणे पडून संपेपर्यंत माझ्या हाताकडे बघत राहायची. तिच्या ज्वारीत इतके खडे असत की ती बदलून घ्यायला कुणी तयार झालं नसतं.

या सगळ्यात जपायचं ते उपासाचं दळण. भगर, राजगिरा, शिंगाडा. परळी आम्हाला जवळ, त्यामुळे वैजनाथाचे सोमवार करणारी माणसं गावात भरपूर. भगरीच्या पिठात गव्हाचा कण गेला तर उपास मोडतो, आणि त्याचं पाप गिरणीवाल्याला लागतं असं आमच्याकडे सर्वमान्य आहे. म्हणून रविवारी सकाळी मी गिरणी उघडायचो, वरचा दगड उचलायचो, कुंच्यानं सगळं झाडायचो, कापड बदलायचो. पहिली ओंजळभर भगर दळून कोंबड्यांना टाकायची, मग बायकांची. उपासवाल्यांचं उरकेपर्यंत धान्याचा डबा उंबऱ्याच्या आत आणू द्यायचा नाही.

यावर सगळ्यात कडक नजर गयाबाईची. गयाबाई सोमवार धरायची, एकादशी धरायची आणि खंडोबाचा रविवार धरायची. उरलेल्या दिवशी ती लोकांवर रागवायची. मी दगड झाडत असताना ती दारात उभी राहून "त्या कोपऱ्यात ऱ्हायलं बगा" असं बोटानं दाखवायची, आणि तिथं खरंच राहिलेलं असायचं. तिच्या घरची पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. पोरगा दत्ता मोठा झाला, त्यानं मेंढरं विकून पिकअप घेतली, भाडी मारायला लागला, घरावर स्लॅब पडला. मेंढरं गेली तशी घरातली बाजरीही गेली. "आमच्यात आता दोनी टाइम चपाती असती," हे ती गिरणीत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायची.

दत्ताला बायको केली ती पाटोद्याकडच्या बिराजीची पोरगी, सारिका. बिराजी मेंढपाळ. पावसाळ्यात तो घरी डोंगरावर असायचा, आणि सुगी झाली की मेंढरं घेऊन खाली गंगथडीला, म्हणजे गोदाकाठी आमच्या भागात, यायचा. शेतकरी खतासाठी त्याची मेंढरं आपल्या रानात बसवायचे. त्याच्या घोड्यावर संसार असायचा आणि संसारात एक लहानसं जातं. रानात गिरणी कुठून येणार? त्याची बायको त्या जात्यावर बाजरी दळायची. त्यामुळे बिराजी माझं गिऱ्हाईक नव्हता, पण चहाला यायचा.

सारिका लग्न होऊन आली तेव्हा दळणाचा भरलेला डबा एका हातात लटकवत यायची. वर्षभरात ती डबा कमरेवर घेऊन यायला लागली, आणि वाटेत टेकवत टेकवत. गालफडं बसली, केस गळाले, ओठ पांढरे पडले. पोट सारखं बिघडलेलं. रक्त कमी म्हणून गोळ्या झाल्या, जंताचं औषध झालं, सलाईन झाली. गिरणीतल्या बायकांनी आपापलं निदान दिलं. कुणी म्हणे नजर आहे, कुणी म्हणे नव्या स्लॅबचा दोष, कुणी म्हणे पोटात गार धरलंय. एकीनं तर दळण संपेपर्यंत तिच्या मनगटाला काळा दोरा बांधून टाकला. अशक्त झालीय म्हणून गयाबाईही तिला साजूक तूप लावून चपाती खायला घालायची, तेही समोर उभं राहून. कारण आजारी माणसाला भाकरी काय द्यायची, असा तिचा विचार. गयाबाईची माया कमी नव्हती, हे मला इथं सांगितलं पाहिजे.

घोटाळा झाला तो माहेरामुळे. सारिका महिनाभर बापाच्या मेंढरात जाऊन राहिली की तरतरीत व्हायची. मेंढरामागं पळायची, पाण्याच्या घागरी उचलायची. परत आली की पुन्हा आडवी. असं एकदा झालं, दोनदा झालं. बिराजी दर वेळी तिला आणून सोडायचा आणि माझ्या दारात चहा पिताना म्हणायचा, "पोरीला नांदायचं जमंना, आप्पा." तिलाही तेच सांगायचा. आणि गयाबाईनं सरळ हिशोब लावला. माहेरी बरी असते आणि सासरी आजारी पडते, तर हा रोग नाही.

त्या उन्हाळ्यात एक दिवस गिरणीत चांगली गर्दी होती. गयाबाई शेजारणीला सांगत होती, मोटर चालू होती, म्हणून ती नेहमीच्या आवाजात म्हणजे ओरडून सांगत होती. नेमकी तेव्हाच लाईट गेली. मोटर बसली, दगड थांबला, आणि सगळी गिरणी चिडीचूप झाली. गयाबाईला थांबायला जमलं नाही.

"...पंचमीला माहेरी धाडायची ती कायमचीच! ढोंगी हाय ती!"

दारात सारिका उभी होती, डबा घेऊन. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी छताकडे पाहिलं, जणू लाईट तिथून येणार होती. सारिकानं डबा खाली ठेवला.

"गव्हाचं हाय, आप्पा," ती म्हणाली. "बारीक दळा. आत्याबाईला मऊ चपाती लागती."

"लाईट आली की दळतो," मी म्हणालो.

मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं तरी गहू मी बारीकच दळला.

गयाबाईचं ते वाक्य संध्याकाळच्या आत बिराजीच्या मेंढरापर्यंत पोचलं. दुसऱ्या दिवशी तो पागोटं नीट बांधून गयाबाईच्या दारात आला. मुलगी टाकणार म्हणता, तर आधी तिला मोठ्या डॉक्टरला दाखवा, मग काय ते ठरवू, असं त्याचं म्हणणं. दत्ताचा स्वभाव असा की तो आईपुढं बोलत नसे, आणि आई बायकोला बोलायला लागली की तो तिथं नसे. पण त्या दिवशी त्यानं गाडी काढली. सगळे अंबाजोगाईला पोटाच्या डॉक्टरकडे गेले.

तिथं काय झालं ते मला गयाबाईच्या तोंडून कळलं, म्हणजे सगळ्यांनाच कळलं. डॉक्टरनं रक्त तपासलं, मग तोंडातून नळी घालून आतड्याचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. आणि सांगितलं की या मुलीला गहू चालत नाही. गव्हात ग्लूटेन नावाचा चिकट पदार्थ असतो, त्यानंच तर चपाती ताणली जाते, तो हिच्या आतड्याला सोसत नाही. आतडं आतून झिजलं आहे, म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही आणि रक्त वाढत नाही. यावर गोळी नाही. गहू, रवा, मैदा, जव कायमचं बंद. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका खुशाल खा.

"गव्हानं कुनाला रोग हुतोय व्हय?" गयाबाईनं गिरणीला विचारलं. "सारं जग गहू खातंय!"

गिरणी तिच्या बाजूनं होती. गहू हे आमच्याकडे पाहुण्यांचं धान्य. सणाला पुरणपोळी त्याची, आजाऱ्याला लापशी त्याची, बाळंतिणीला शिरा त्याचा. ज्वारीनं पोट फुगलं, बाजरीनं उष्णता झाली असं आम्ही ऐकलं होतं, पण गव्हावर कुणी आळ घेतलेला ऐकला नव्हता. एकजण म्हणाला, हे मोठ्या लोकांचे रोग आहेत, टीव्हीवर दाखवतात. मीही मान डोलावली. मला गव्हाचं दळण जास्त असायचं, त्यामुळे गव्हाला नावं ठेवायचं मला काही कारण नव्हतं.

तरी घरात सारिकासाठी ज्वारीची भाकरी सुरू झाली. पहिल्या महिन्यात फरक दिसला. दुसऱ्या महिन्यात तो तिथंच थांबला. चार दिवस बरी, की पुन्हा पोट धरून बसली. त्यातच लग्नाचे दिवस. पंगतीत वाढणाऱ्या बायका तिला सोडायच्या नाहीत. "एका पुरीनं काय हुतंय गं? आमचा मान म्हनून खा," असं म्हणून पुरी पानात टाकायच्या. आमच्या भागात आग्रह मोडणं म्हणजे वैर घेणं. सारिका पानातली पुरी झाकून ठेवायची आणि उठल्यावर बोलणी खायची. गयाबाईच्या मनात मात्र दुसरंच आलं. "चोरून खाती," ती म्हणाली. "न्हाईतर भाकरी खाऊन पोट कावून बिघडंल? पंचमीला नेऊन घालायची, आता इचार पक्का झाला."

पंचमीला फार दिवस राहिले नव्हते. मला काही सुचत नव्हतं, आणि सुचलं असतं तरी मला कुणी विचारलं नव्हतं.

त्यानंतरचा रविवार. मी दगड झाडून ठेवले होते. गयाबाई भगर घेऊन आली आणि आल्या आल्या डॉक्टरवर घसरली. काल पुन्हा अंबाजोगाईला जाऊन आली होती.

"येडाच हाय त्यो," ती म्हणाली. "मला इचारतो, हिच्या माहेरी पीठ कुठं दळतेत अन्‌ तुमी कुठं दळता? म्हनलं, ते जात्यावर दळतेत अन्‌ आमी गिरणीत दळतो, आनि कुठं दळावं मानसानं, दवाखान्यात?"

मागच्या बायका हसल्या. मी मोटर चालू केली आणि तिची भगर ओतायला घेतली. तिनं माझा हात धरला.

"आप्पा, दगड झाडला का नीट? काल सांच्याला गहू दळला आसंल. त्याचा कण बी आला तर उपास मोडंल माझा."

"झाडलाय," मी म्हणालो.

"कापड?"

"बदललं."

तिनं माझा हात सोडला नाही. मोटर नुसतीच घुमत होती. गयाबाई माझ्याकडे बघत होती, मग दगडाकडे बघायला लागली, मग भगरीच्या डब्याकडे. मला वाटलं, कोपऱ्यात काही राहिलं.

"आप्पा," ती म्हणाली, "तिची ज्वारी तुमी कशावर दळता?"

मी खरं ते सांगितलं. तिची ज्वारी दुपारच्या गर्दीत यायची. जे आधी असेल त्याच्यावर. बहुतेक वेळा गव्हावर.

गयाबाई खालीच बसली, पिठाच्या पोत्याला टेकून. "माझ्या भगरीला येवढं जपता," ती म्हणाली, "अन्‌ तिला..." पुढचं तिला बोलता आलं नाही, आणि त्या वेळी लाईट चालू होती. मी कधी नव्हे ते आपणहून मोटर बंद केली आणि तिला पाणी दिलं.

त्याच रविवारपासून नवा रिवाज पडला. उपासाचं दळण झालं की, गव्हाचा दाणा आत यायच्या आधी, सारिकाची आठवड्याची ज्वारी. गयाबाई ती स्वतः घेऊन यायची, कारण गिरणीत पीठ उडतं आणि तिथं सारिकानं उभं राहू नये असं डॉक्टरनं सांगितलं होतं. डबा वेगळा, कापड वेगळं. तवा वेगळा, परात वेगळी. दुकानातल्या हिंगातही गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं हे तिला कुठून तरी कळलं, तर तिनं घरातला हिंग उचलून शेजारणीला दिला.

रिवाज पडला खरा, पण रांगेतल्या बायकांना तो पटेना. रविवारी सकाळी उंबऱ्याबाहेर गव्हाचे डबे घेऊन उभ्या राहिलेल्या बायकांनी भांडण काढलं.

"ज्वारीला कसलं आलंय सोवळं? आमचं काय इटाळाचं हाय का?"

"सुनंला रोग हाय तिच्या," कुणीतरी सांगितलं.

"रोग आसंल तर तिच्या घरी. आमी कावून उबं ऱ्हावं?"

मी त्यांना आतडं, तुकडा, ग्लूटेन, सगळं समजावून सांगायला गेलो. कुणी ऐकेना. तेवढ्यात गयाबाई पुढं झाली.

"रोग न्हाई," ती म्हणाली. "उपास हाय तिला. गव्हाचा. जलमाचा."

 भांडणारी बाई दोन पावलं मागं सरकली आणि तिनं आपला गव्हाचा डबा उचलून पार लिंबाच्या झाडाखाली नेऊन ठेवला, चुकून सावली पडायला नको म्हणून.

"कुठल्या देवाला बोललंय?" तिनं विचारलं.

"ते सांगायचं नसतंय," गयाबाई म्हणाली.

डॉक्टर शिकलेला माणूस, त्यानं सांगितलेलं गावात कुणी मनावर घेतलं नाही. उपास म्हटल्यावर मात्र कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. पुढच्या आठवड्यात एका घरी बारशाचं जेवण होतं. तिथं वाढणारणीनं सारिकाच्या पानात पुरी टाकायला हात पुढं केला, तर शेजारच्या दोघींनी तिचा हात वरच्या वर धरला. "अगं, उपास हाय तिला!" वाढणारणीनं गालावर हात मारून घेतले आणि तिच्यासाठी वेगळ्या पातेल्यात भात लावला. काही बायका तर सारिकाच्या पाया पडायला लागल्या. एवढा कडक उपास करते म्हटल्यावर तिच्याकडे काहीतरी असणार असं त्यांना वाटे. एकीनं दत्ताला बाजूला घेऊन विचारलं, की म्हैस गाभण राहत नाही, ती काही सांगेल का? दत्ता निघून गेला.

देवाच्या नावावर हे असं खोटं बोलणं गयाबाईला पचत होतं का, मला माहीत नाही. एकदा ती मला एवढंच म्हणाली, "उपास मोडला की आपलं काय हुतंय, आप्पा? कायबी हुत न्हाई. तिचा मोडला की रक्त आटतंय." मग तिनं भगरीचा डबा पुढं केला.

पंचमीपर्यंत सारिका बरीच सावरली. ओठांना रंग आला. पंचमीला ती रिवाजाप्रमाणे माहेरी गेली, स्वतःची पिशवी स्वतः उचलून. गयाबाईनं आठ दिवसांचं पीठ सोबत दिलं. आता धाडायची ती कायमची वगैरे काही उरलं नव्हतं. उलट केव्हा येते असं झालं होतं. पण आठ दिवस गेले, पंधरा गेले, पोळा झाला, सारिका आली नाही. दत्ता एकदा आणायला गेला तर बिराजीनं त्याला चहा पाजून रिकामं परत लावलं.

गयाबाई माझ्याकडे आली. "तुमी चला, आप्पा. पावनं तुमचं ऐकतेत."

माझं कुणी ऐकत असेल असं मला कधी वाटलं नाही, तरी गेलो. दत्ता, गयाबाई आणि मी, पिकअपमध्ये. पाटोद्याच्या पुढं माळावर बिराजीचं पत्र्याचं घर. भुरभुर पाऊस होता. घरामागं जाळीच्या कुंपणात मेंढरं दाटीवाटीनं उभी होती. आम्ही येणार म्हणून बिराजीनं गावातून गव्हाचं पीठ आणून शेजारणीकडून चपात्या करून घेतल्या होत्या, पाहुण्यांना भाकरी कशी वाढायची म्हणून. सोमवार होता, गयाबाईला उपास. दत्ताची जेवायची छाती होईना. चपात्या मीच खाल्ल्या.

जेवण झाल्यावर बिराजीनं विषय काढला. "इहीनबाई, तुमी काय बोललात ते साऱ्या गिरनीनं ऐकलं. मला मेंढरात ऐकू आलं. मी आता लेक धाडनार न्हाई."

"रागाच्या भरात गेलं तोंडातून," गयाबाई म्हणाली. "आता तिचं पीठ मी सोवळ्यात दळून आनते. तवा येगळा केला, परात येगळी केली. इचारा आप्पाला."

मी मान हलवली. त्यासाठीच मला आणलं होतं.

"तिलाच इचारा," बिराजी म्हणाला आणि त्यानं आत हाक मारली.

सारिका बाहेर आली. हाताला बाजरीचं पीठ होतं. आमच्या सगळ्यांकडे तिनं एकदा पाहिलं आणि दाराला टेकून उभी राहिली.

"आत्याबाई, तुमी लई केलंत," ती म्हणाली. "ते मी इसरनार न्हाई. पर मी ढोंग करत नव्हते, येवढं एकदा म्हना."

"झालं ते झालं आता," गयाबाई म्हणाली.

"न्हाई. म्हना."

गयाबाईनं पदर सारखा केला. पुन्हा सारखा केला. सुनेसाठी देवाच्या नावानं सगळ्या गावाशी खोटं बोललेली बाई, पण हे एक खरं वाक्य तिला जड जात होतं. तिनं दत्ताकडे पाहिलं. दत्ता गाडीच्या चाकाकडे बघत होता.

"नव्हतीस करत," ती शेवटी म्हणाली. "आजारी व्हतीस तू. मला कळलं न्हाई."

बिराजीनं समाधानानं मांडीवर थाप मारली. "झालं तर मग! संपलं!"

"आबा, तुमी बी म्हना," सारिका म्हणाली.

"म्या?" बिराजी म्हणाला. "म्या काय केलं? म्याच तर डाक्टरला न्ह्यायला लावलं तुला."

"त्याच्या आदी किती खेपा सोडून आलात मला? दर खेपंला म्हनलात, नांदायला शीक. मी पोट धरून उबी व्हते दारात."

बिराजीनं पागोटं काढलं आणि गुडघ्यावर ठेवलं. त्याचं टक्कल मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आत चुलीपाशी तिची आई रडायला लागली होती, ते आम्हाला ऐकू येत होतं आणि कुणीच उठत नव्हतं.

"मला वाटलं, करमत न्हाई तुला तिथं," तो म्हणाला.

"करमत नव्हतंच," सारिका म्हणाली. "पर आजारी बी व्हते."

बिराजीनं पागोट्याचं टोक हातात घेतलं. मग त्यानं डोळे पुसले, लपवून नाही, आमच्या सगळ्यांसमोर. "चुकलं बाई माझं," तो म्हणाला. "तू खरं बोलत व्हतीस."

सारिकानं अंगणातल्या बादलीत हात धुतले, पदराला पुसले आणि आत जाऊन पिशवी भरायला लागली.

"आई, भाकरी बांधून दे," आतून तिचा आवाज आला. "वाटंत खाईन."

"माझ्या बी दोन बांधा," गयाबाई म्हणाली. "उपास सांच्याला सुटतोय माझा."